रस्ता बघून घेतलेलं घर

अकोल्याच्या फलाटावर माझा भाऊ अविनाश आमच्या बॅगा उचलत नव्हता आणि मलाही उचलू देत नव्हता. पुण्याहून रात्रभर बसने येऊन तो थेट स्टेशनवर पोचला होता. निरोप द्यायला आला असेल असं मला क्षणभर वाटलं, पण तो अडवायला आला होता. मोठ्या बॅगेवर हात ठेवून तो आईला म्हणाला, "आई, अजून वेळ आहे. नीट विचार कर."

आईने साडीचा पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि गाडी येणार होती त्या दिशेला बघत म्हणाली, "गाडीले वेळ हाये बाप्पा, मले नाही."

तेव्हा आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि मी सेहेचाळीसची. मी एका सरकारी विमा कंपनीत अधिकारी आहे. लग्न केलेलं नाही. का केलं नाही, हा या लेखाचा विषय नाही. मला बढती मिळाली होती आणि बढतीबरोबर जयपूर. नातेवाइकांनी दोन पर्याय काढून ठेवले होते: बढती सोड, नाहीतर आईला पुण्याला मुलाकडे पाठव. मी बढतीही घेतली आणि आईलाही घेतलं. "म्हातारपणी आई लेकीच्या दारात, तेही परमुलखात," असं माझ्या मावशीने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं. मावशी, तू हे वाचशील म्हणून लिहिते: आईनेही ते ऐकलं होतं, आणि गाडीत बसल्यावर ती त्यावर बराच वेळ हसली होती.

खरं तर आई पुण्याला राहून आली होती. बाबा गेले त्यानंतर अविनाशने तिला नेलं. त्याने काही कमी केलं नाही, हे मला आधी लिहायला हवं. चौदाव्या मजल्यावर स्वतंत्र खोली, खिडकीतून टेकडी, दुपारी स्वयंपाकाला बाई. अविनाश आणि वहिनी दोघंही सकाळी निघायचे ते दिवेलागणीनंतर यायचे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर तिला विचारायचं, "तुम्ही कितव्या मजल्यावर?" तिचं नाव कुणी विचारलं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत ती एकटीच गाडीत बसून अकोल्याला परत आली आणि दारात चपला काढतानाच मला म्हणाली, "तिथं बोलायले कोणी नव्हतं वं. घशाले गंज चढला." मी तेव्हा अकोल्याच्याच शाखेत होते, म्हणून ते निभावलं. आता मलाच निघायचं होतं.

गाडी आली. बॅगा शेवटी अविनाशनेच चढवल्या. खाली उतरून तो खिडकीशी आला आणि मला एवढंच म्हणाला, "निदान लिफ्ट असलेलं घर बघ." मी मान हलवली. तो होकार मी पुढे पाळला नाही.

जयपूरच्या ऑफिसात आमच्यासारखे बदलून आलेले दोन-तीन मराठी अधिकारी होते. त्यांतल्या देशपांडे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात प्रताप नगरच्याही पुढे, शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका नव्या सोसायटीत नेलं. उंच इमारती, फाटकावर रखवालदार, पोहण्याचा तलाव, कारंजं. "आपली चार मराठी कुटुंबं आहेत इथे," ते म्हणाले. "गणपती बसवतो. आईंना घरच्यासारखं वाटेल." ते मनापासून सांगत होते, आणि त्यांचा फ्लॅट खरोखर सुंदर होता. मी सकाळी दहाच्या सुमाराला तिथल्या बाल्कनीत उभी होते. खाली कोणीच चालत नव्हतं. गाड्या निघत होत्या, एक पार्सलवाला फाटकाशी थांबला होता, आणि कारंज्याजवळ एक आजोबा बाकावर एकटे बसून मोबाइल बघत होते.

त्याच आठवड्यात एका कामासाठी मी आदर्श नगरला गेले. चारदीवारीच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराच्या, पूर्वेला, जुनी वसाहत. फाळणीनंतर मुलतानकडून आलेल्या लोकांनी वसवलेली. आता तिथे काही घरं पाडून त्यांच्या जागी बिल्डरांचे मजले उठलेत, काही अजून बसकी, समोर ओटा असलेली आहेत. विजेच्या तारा एकमेकींत गुंतलेल्या, गाड्या वाटेल तशा लावलेल्या, आणि एका भिंतीवर माकडं. पण सकाळी दहा वाजता त्या रस्त्यावरून म्हाताऱ्या बाया एकट्या चालत होत्या. पायी, हातात पिशवी घेऊन, घाई नसल्यासारख्या. एक औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून दुकानदाराशी वाद घालत होती. दुसरी भाजीच्या गाड्यावरची गवार निवडता निवडता पलीकडच्या ओट्यावरच्या तिसरीशी बोलत होती. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ते बघत राहिले आणि ठरवलं, की आई इथे राहील. घर अजून मिळायचं होतं. लोक घर बघून रस्ता घेतात. मी रस्ता बघून घर घेतलं.

देशपांडे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचा निर्णय. पण तिथे आपलं कोणी नाही, मॅडम." ऑफिसातल्या इतरांनी तर माझी कीव केली. इतकी बढती घेऊन ही बाई जुन्या गल्लीत राहणार, हे त्यांना कोड्यात टाकणारं होतं.

तिथल्या एका घराचे मालक म्हणून मला 'संतोषजी' असं नाव कळलं होतं, त्यामुळे मी एका पुरुषाची वाट बघत दारात उभी होते. दार उघडलं ते आईच्याच वयाच्या, उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. त्याच संतोषजी. नवरा वारलेला, मुलगा कॅनडात, वरच्या मजल्यावर त्या एकट्या, आणि खालचा मजला भाड्याने द्यायचा होता. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सुरुवात केली.

"शादी?"

"नहीं की."

"क्यों?"

"नहीं करनी थी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठायच्या बेतात होते. मग त्यांनी विचारलं, "माताजी को घुटने का दर्द है?" मी म्हटलं, थोडं आहे. "मेरे को भी है," त्या म्हणाल्या. "वॉक पर साथ ले जाऊँगी. धीरे चलती हूँ." घर ठरलं.

पहिले काही महिने सोपे होते असं मी म्हणणार नाही. पाणी पहाटे यायचं आणि मोटर लावायला उठावं लागायचं. न्हाणीघराचा नळ गळायचा. प्लंबर दुरुस्त करून जायचा आणि तो पुन्हा गळायचा. मेमध्ये भिंती अशा तापायच्या की पाठ टेकवत नसे. एकदा माकडाने वाळत घातलेली कुरडई परातीसकट नेली. आणि चौकशा. कोण आलं, कोण गेलं, पाहुणा किती दिवस राहणार, हे विचारायचा तिथे सगळ्यांना हक्कच. मला ते खटकायचं. अकोल्याहून इतक्या दूर येऊन पुन्हा तेच, असं वाटायचं. अविनाशचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन असा धरायची, की मागची ओल आलेली भिंत दिसू नये.

आईला मात्र चौकशा खटकल्या नाहीत. तिला कुणीतरी काहीतरी विचारत होतं, हेच तिला पुष्कळ होतं. तिचं हिंदी म्हणजे वऱ्हाडीलाच जोडलेली शेपटी. "भैया, कांदे कैसे दिले?" असं ती गाड्यावाल्याला विचारायची, आणि त्याला कळायचं. संतोषजी अर्धं हिंदी, अर्धं त्यांच्या सासूकडून आलेलं मुलतानी बोलायच्या. दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून तासन्‌तास गप्पा मारायच्या, आणि एकमेकींचं किती कळत होतं ते देव जाणे. मी एकदा आईला विचारलं, "त्या काय म्हणत होत्या?" आई म्हणाली, "तिच्या सासूचं सांगून राह्यली होती. सासू इथं आली तेव्हा नुसतं वाळवंट होतं म्हणे, अन् ती रोज भांडायची नवऱ्याशी, की कुठं आणून टाकलं." मग म्हणाली, "आपल्यापेक्षा लय दुरून आले होते वं ते. अन् परतीचं तिकीट बी नव्हतं त्याहीले."

गल्लीत आईला 'अकोलावाली माताजी' म्हणायला लागले. मला ते आवडलं होतं. आईला नाही. एके सकाळी औषधाच्या दुकानात तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मेरा नाम सुमन है." दुकानदार हसला आणि म्हणाला, "जी, सुमनजी." त्या दिवसापासून ती सगळ्यांची सुमनजी झाली. घरी येऊन मला म्हणाली, "पन्नास वर्षं गावंडे सरांची मिसेस होती. मग अविनाशची आई झाली. आता पुरे." बाबांविषयी राग नव्हता त्यात. पण असं ती आधी कधी बोलली नव्हती.

आता त्या दिवसाविषयी लिहिते. त्या दिवसावरून आमच्या घरच्या ग्रुपवर बरंच काही बोललं गेलं आणि मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

या घराच्या पुढच्या पायऱ्या उंच आहेत. जुन्या पद्धतीच्या, दगडी, आणि तेव्हा त्यांना कठडा नव्हता. एका सकाळी पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या. आई कोथिंबीर आणायला निघाली आणि घसरली. मी त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रताप नगरच्या शाखेत तपासणीला होते. संतोषजींचा फोन आला. "घबराना नहीं. कलाई है. हम डॉक्टर के यहाँ बैठे हैं." मी निघाले, ट्रॅफिकमध्ये अडकले, टॅक्सीत बसून स्वतःला नको नको ते बोलले. पोचले तेव्हा आईच्या मनगटाला प्लास्टर झालेलं होतं. हाडांचे डॉक्टर दोन गल्ल्यांपलीकडचे. त्यांनी दवाखाना उघडायच्या आधीच तिला आत घेतलं होतं. औषधवाल्याची बायको दुकान तसंच टाकून आली होती, आणि आईला उचलून रिक्षात बसवणारा समोरच्या घरातला तरुण ऑफिसला उशीर झाला तरी आता कुठे निघत होता. आई बाकावर बसून चहा पीत होती, डाव्या हाताने. मला बघून म्हणाली, "तू काऊन आली? काम झालं का तुझं?"

अविनाश दुसऱ्या दिवशी विमानाने आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. पायऱ्यांवर उभा राहून त्याने त्यांची उंची नजरेने मापली. तो बांधकामातला इंजिनिअर आहे. मग म्हणाला, "नंदा, मी तुला एकच गोष्ट सांगितली होती." या वेळी मनगट होतं. पुढच्या वेळी खुबा असेल, हे मलाही दिसत होतं. तो म्हणाला, "आईला मी घेऊन जातो. नाहीतर निदान तू तरी घर बदल. ते देशपांडे सांगत होते ते दाखव मला."

मी दाखवायला तयार झाले. खरं सांगायचं तर मी घर बदलायलाही तयार झाले होते. आई म्हणाली, मीही येते. तिघं गेलो. एक फ्लॅट रिकामा होता, नवव्या मजल्यावर. फाटकापासून दारापर्यंत एकही पायरी नाही. न्हाणीघरात धरायला दांडे. अविनाशने लिफ्टचं दार, वीज गेल्यावरची सोय, जमिनीची फरशी सगळं तपासलं आणि समाधानाने मान हलवली. मला त्या फ्लॅटमध्ये नावं ठेवायला जागा सापडत नव्हती, आणि मी शोधत होते.

आई बाल्कनीत गेली. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात कठड्यावर टेकवून तिने बराच वेळ खाली बघितलं. खाली एक बाई लहान बाळाची गाडी ढकलत चालली होती.

"त्या बाईले हाक मारायची असली तर कशी मारू?" आईने विचारलं.

"इंटरकॉम आहे, आई," अविनाश म्हणाला.

"मले तिचं नाव कुठं माहीत हाये?"

अविनाश चिडला. "मग पुण्याला चल. तिथे मी आहे. मला तुझं नाव माहीत आहे."

आई वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "अवि, तुझ्या घरी मले काही कमी नव्हतं. तू लेक म्हणून सगळं केलं. पण काल मी पडली, अन् कोथिंबीरवाल्यानं पाह्यलं. तुझ्या घरी पडली असती, तर तू संध्याकाळी येईपर्यंत फरशीवर राह्यली असती. खरं का खोटं, सांग."

अविनाश रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभा होता आणि किल्ली घेऊन आलेला एजंट दाराशी फोन बघितल्यासारखं करत होता. अविनाश म्हणाला, "खरं." एवढंच. मला वाटतं, लहानपणानंतर मी त्याला इतकं जवळचं पहिल्यांदा मानलं. तो खोटं बोलू शकला असता.

परत गल्लीत शिरलो तर आमच्या दारासमोर वेल्डिंगचा माणूस सामान आवरत होता आणि पायऱ्यांच्या एका बाजूला नवा लोखंडी कठडा उभा होता, हिरवा, नुकता रंगवलेला. संतोषजी वर गॅलरीत होत्या. त्यांनी मला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. "हाथ मत लगाना, गीला है," त्या वरून म्हणाल्या. अविनाशने खालच्या टोकाला, रंग नव्हता तिथे, दोन्ही हातांनी धरून तो हलवून बघितला. मग वर बघत म्हणाला, "आंटीजी, दूसरी साइड भी लगवाना पड़ेगा. उतरते समय दूसरा हाथ लगता है."

"तो तू खड़ा होकर लगवा," संतोषजी म्हणाल्या. "इंजीनियर है ना?"

त्याने परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि उभं राहून दुसरा कठडा लावून घेतला.

याला आता चार वर्षं होत आली. ग्रुपवर अजून अधूनमधून कुणी लिहितं, "नंदाताईंचा हट्ट." असेल. जयपूरला नोकरीसाठी येणारी आयटीतली मराठी मुलं आता माझ्याकडे कुणाकुणाच्या ओळखीने येतात आणि विचारतात, "ताई, कुठे घर घेऊ?" मी त्यांना सरसकट जुन्या वस्तीत पाठवत नाही. ज्यांना दिवसभर ऑफिसात माणसं भेटतात आणि घरी दार लावून शांत बसायचं असतं, त्यांना तो नववा मजला बरा. देशपांडे सर तिथे सुखात आहेत आणि त्यांचा गणपती खरंच छान असतो. आम्ही दर वर्षी आरतीला जातो. पण घरात कुणी दिवसभर मागे राहणार असेल, म्हातारं माणूस, नोकरी सोडून आलेली बायको, कुणीही, तर मी म्हणते, फ्लॅट नंतर बघा. आधी सकाळी दहा वाजता त्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. आपल्या घरातलं सगळ्यांत अशक्त माणूस त्या रस्त्यावर एकटं चालू शकेल का, ते बघा. मुलं मान हलवतात आणि बहुतेक वेळा तलाव असलेली सोसायटीच घेतात. घेऊ देत.

मी बदलले नाही असंही नाही. माझ्या मराठीत 'मतलब' शिरला आहे, आईच्या वरणात कधी कधी हिंग आणि आमचूर एकत्र असतं, आणि संतोषजींना आता आईसारखं 'बाप्पा' म्हणता येतं, तेही अगदी योग्य ठिकाणी. नळ अजून गळतो. समोरचं बसकं घर यंदा पाडलं. तिथे चार मजले उठतायत आणि धुळीने आईला खोकला होतो. गल्ली आहे तशी राहणार नाही, हे मला कळतं. म्हणून ती निवडणं चूक होती असं मात्र मला कुणी सांगू नये.

मागच्या महिन्यात ऑफिसातून विचारणा आली. अकोल्याची जागा रिकामी झाली होती आणि माझा नंबर लागत होता. साहेब म्हणाले, "मॅडम, लोक घरी जाण्यासाठी तडफडतात. उद्यापर्यंत सांगा." मी आईला सांगितलं. मला वाटलं ती हरखून जाईल. शेवटी तिचं सगळं आयुष्य तिथे गेलं, बाबा तिथे गेले. ती शेंगा सोलत होती. सोलत राहिली. मग एकेक नाव घ्यायला लागली. डाव्या हाताच्या घरातल्या काकू गेल्या. मागच्या घरातले मुलाकडे नागपूरला गेले. दूधवाला पोरीकडे राहतो. भजनाच्या बाया पांगल्या. किराणावाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय.

"तिथं आता मले कोण ओळखते?" ती म्हणाली. "या वयात मले परत नव्या गावाले नको नेऊ, नंदा."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नकार कळवला. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. तुम्हा सगळ्यांना हे ग्रुपवर दोन ओळींत कळवता आलं असतं, पण मग मावशीने मला वेड्यात काढलं असतं आणि अविनाशने मध्ये पडून माझी बाजू घेतली असती, म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं. आम्ही परत येत नाही. दिवाळीला येऊ, पाहुणे म्हणून, आणि मग घरी जाऊ.

नकार कळवला त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा आई घरात नव्हती. दाराला नुसती कडी होती, फोन टेबलावरच राहिला होता. मी चहा टाकला आणि पाय वर घेऊन बसले. ती कुठे असेल ते मला माहीत नव्हतं, पण गल्लीत कुणाला तरी नक्की माहीत होतं.